पहिल्या मापाला लाभ

पहिल्या मापाला एक म्हणू नये, हे भागाबाईला तिच्या बापाने शिकवलं होतं. बाप उखर्डू नरडाण्याच्या बाजारात मापारी होता. ज्वारीच्या राशीपुढे उकिडवा बसून शेर भरायचा, पोत्यात ओतायचा आणि मोठ्याने म्हणायचा, ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. रास कितीही मोठी असो, दाणे कुणाचेही असोत, मोजणी लाभापासून. एक म्हटलं की रास एकावरच अडते, असा त्या धंद्यातला समज. अशी अडलेली रास कधी पाहिली का, असं कुणी विचारलं तर उखर्डू म्हणायचा, कधी एक म्हटलंच नाही तर अडेल कशी? आता या उत्तरापुढे शहाण्याने काय बोलावं?

शेर-पायल्या जाऊन किलोचे काटे आले, उखर्डूही गेला, पण भागाबाईच्या तोंडातला लाभ गेला नाही. तव्यावरची भाकरी टोपलीत पडली की लाभ, दोन. उन्हात घातलेल्या पापडांना लाभ, दोन, तीन. गवऱ्यांना, दुधाच्या मापाला, धुतलेल्या कपड्यांनासुद्धा. तिच्या नवऱ्याने, म्हणजे पितांबर मिस्तरीने, लग्नाच्या पहिल्या वर्षी हे ऐकलं आणि पुढे ऐकायचं सोडून दिलं. घरातल्या घड्याळाची टिकटिक कोण ऐकत बसतं?

पितांबर मूळचा साक्रीकडचा. धुळ्यात आग्रा रोडवर त्याचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे एक कडुनिंब आणि शेजारी धनसिंगचं पंक्चरचं दुकान. जीपगाड्या, टॅक्स्या, टेम्पो यांच्या पोटात डोकं घालून त्याची हयात चाललेली. माणूस कामाला चोख आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा, पण जिभेचा मोठा नखरेल. डाळीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा, जास्त पडलं की दोनदा सरकवायचा. भागाबाईने या मिठापायी जेवढं ऐकून घेतलं तेवढं सासूकडूनही घेतलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. देवदेव झाले, दवाखाने झाले, मग दोघांनी तो विषय एके दिवशी बंद करून टाकला. घरात दोन ताटं, दोन पेले, दोन गोधड्या. भांडायला आणि समजूत काढायला माणसंही तीच दोन.

दुपारचा डबा घेऊन ती रोज गॅरेजवर यायची. तो जेवेपर्यंत कडुनिंबाखाली बसायची, धनसिंगच्या घरची खुशाली विचारायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची. हे असंच चाललं असतं, पण मध्ये नासीरची गाडी आली.

नासीर जळगावचा, पिंप्राळ्यात राहणारा. आखातात बरीच वर्षं ड्रायव्हरकी करून परत आला तो एक जपानी गाडी घेऊनच. रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा आणि स्टेअरिंग डाव्या हाताला. जळगाव-धुळ्यात तिला ‘उलटी गाडी’ म्हणायचे आणि उलटी असूनही, किंवा असल्यामुळेच, लग्नसराईत नवरदेव तिच्यातच बसायचे. नासीरचं घर त्या भाड्यावर चालायचं. एकदा धुळ्यातल्या एका लग्नाला येताना पारोळ्याच्या पुढे गाडीच्या काचेखालच्या पाटीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, फक्त दिवा विझत नव्हता. नवरदेवाच्या मामाने तेवढंच पाहिलं आणि ही पेट घेणार असं जाहीर करून मंडळींना खाली उतरवलं. नासीर घाम पुसत पितांबरच्या शेडमध्ये आला.

पितांबरने असली गाडी जन्मात पाहिली नव्हती. नासीरने तिकडच्या गॅरेजात मात्र हा खेळ अनेकदा पाहिला होता. त्याने बॉनेट उघडून एका कोपऱ्यातली काळी डबी दाखवली. तिचं झाकण काढलं की आत भोकं होती. त्यांतली ठरावीक दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, किल्ली फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. मग आतला पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. आधी दशमाचा आकडा, जरा थांबून एकमाचा, पुन्हा जरा जास्त थांबून तेच पहिल्यापासून. त्या आकड्यावरून गाडी आपलं दुखणं सांगते. एकवीस म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला तपासनीस गेला, बावीस म्हणजे पाण्याची उष्णता दाखवणारा गेला, असे दहा-बारा आकडे नासीरला तोंडपाठ होते. एवढं सांगून तो धुळ्यातल्याच आपल्या बहिणीकडे, आबेदाकडे, जेवायला गेला.

आता वायर धरायची बॉनेटखाली आणि दिवा बघायचा आत, सीटवर बसून. वायर तर भोकात ठरत नव्हती, ती हाताने दाबून धरावी लागत होती. आणि बॉनेट उभं केल्यावर पलीकडचं काही दिसत नाही. पितांबरने इकडेतिकडे पाहिलं. धनसिंग ट्रकच्या चाकाशी झटत होता. कडुनिंबाखाली भागाबाई डबा घेऊन बसली होती. पितांबरने तिला सांगितलं, आत बस आणि दिवा किती वेळा लागतो ते मोठ्याने मोज.

भागाबाईने चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि स्टेअरिंगपुढे जाऊन बसली. आग्रा रोडवर बाई गाडीच्या स्टेअरिंगवर, हे धनसिंगने चाक सोडून पाहिलं आणि वहिनी कुठे निघाल्या म्हणून विचारलं. “माहेरले चालनू,” ती आतूनच म्हणाली. मग बॉनेटच्या मागून तिचा आवाज आला, बाजारात माप घालतात तसा, हेल काढून. लाभ, दोन. थोडं थांबून लाभ. पुन्हा लाभ, दोन.

पितांबरच्या कानांनी लाभ हा शब्द वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच वगळून टाकला होता. त्याला वाटलं, ही सवयीने सुरुवातीला देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणते आहे. त्याला ऐकू आलं ते दोन आणि दोन. म्हणजे बावीस, म्हणजे पाणी. झालं. त्याने रेडिएटर सोडवला, आतला गाळ काढला, नळ्या बदलल्या, पाण्याशी ज्याचं ज्याचं म्हणून नातं होतं ते सगळं उघडून परत बसवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवा आपला तसाच. नासीर आबेदाच्या घरून येरझारा घालून थकला. शेवटी तो स्वतः आत बसला आणि त्याने मोजलं तर सरळ एकवीस निघाले.

पितांबरने डबा घेऊन आलेल्या बायकोला धारेवर धरलं. डोळे होते की बटणं, असंही म्हणाला. “तू दोन-दोन म्हननी ना?”

“मी कव्हय दोन-दोन म्हनं? लाभ, दोन. मंग लाभ.”

“मंग एक कोठे गया?”

“लाभ म्हनजेच ना. पहिल्या मापले एक म्हनतस का कोनी?” भागाबाईला या माणसाच्या अडाणीपणाची खरोखर कीव आली. “एक म्हनं ते एकच राहस.”

धनसिंग हसून हसून बेजार झाला. नासीरही हसला, म्हणाला की त्याची आई नूरबी पहिल्या मापाला बरकत म्हणायची. पितांबर तेवढा हसला नाही. दोन दिवस ज्या शब्दापायी गेले तो शब्द बायको त्याच्या घरात इतकी वर्षं रोज म्हणत होती आणि त्याचा अर्थ त्याला आज कळत होता.

दुखणं कळलं, पण औषध नव्हतं. धुराच्या नळीतला तो बोंडाएवढा तपासनीस आपल्याकडच्या शिसं घातलेल्या पेट्रोलने खराब व्हायचा. नासीरने ओळखीच्या माणसाकरवी मुंबईहून एक मागवून बसवला, तोही एका लग्नसराईत गेला. गाडीला त्यावाचून तसा काही धोका नव्हता, फक्त दिवा नवरदेवाच्या मामांना घाबरवायचा. तेव्हा उपाय एकच उरला. बॉनेटखालचा एक फ्यूज उपटायचा, थोडा वेळ थांबायचं आणि परत बसवायचा. गाडी सगळं विसरून जायची, दिवा जायचा. महिना-दोन महिने बरे जायचे, मग पुन्हा लागायचा. नासीर एरवीही बहिणीकडे यायचा, तेव्हा वाटेत आग्रा रोडला थांबायचा.

दर वेळी भागाबाईच आत बसायची. दुसऱ्या कुणाला मोजू द्यायची नाही. न जाणो दुसरंच काही निघायचं, म्हणून फ्यूज उपटण्याआधी आकडा विचारायचाच, असा पितांबरचा शिरस्ता होता आणि आकडा दर वेळी तोच निघायचा. लाभ, दोन; लाभ. मग फ्यूज काढून बसवल्यावर तो पुन्हा वायर दाबायचा. गाडीची काही तक्रार उरली नसली की दिवा न थांबता एकसारखा लुकलुकत राहतो. त्याला आकडा नाही. भागाबाई मग लाभ, लाभ, लाभ, लाभ असं म्हणत सुटायची, वायर निघेपर्यंत थांबायची नाही. एकदा पितांबरने गंमत म्हणून बराच वेळ वायर काढलीच नाही. बॉनेटच्या आड उभा राहून ऐकत राहिला. ती दमली आणि तिने आतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे त्याने हात काढला. या माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर बायकोचा आवाज आवडायला लागला होता. ही गोष्ट तो तिला मेला तरी सांगणार नव्हता.

म्हणूनच तो आवाज फिरला ते त्याला सगळ्यात आधी कळलं. नासीरची गाडी आली होती, तो वायर धरून उभा होता आणि बॉनेटमागून आलेला लाभ त्याला घोगरा लागला. दोन म्हणताना शेवटी हवा निघून गेली. त्याने काम संपवलं. महिनाभराने गाडी पुन्हा आली तेव्हा आवाज आणखी बसलेला. भागाबाई म्हणाली थंडी झाली आहे, कैऱ्या खाल्ल्या आहेत, मिरच्या कांडल्या आहेत. तिने मशेरी लावायची सवय मात्र सांगितली नाही. पितांबरने तिचं एक ऐकलं नाही. इंजिनाचा आवाज बदलला तर मालकाला तो म्हणायचा, आजच उघडा, उद्यावर ढकलू नका. त्याने तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं, डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली. त्याने कुठे कसूर केली असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी तो स्वतःला दोष देत राहिला. माणसाचं मन असंच असतं.

चाळीसगावच्या स्टेशनापर्यंत नासीरने त्यांना उलट्या गाडीतून पोचवलं. भागाबाई त्या गाडीत पहिल्यांदाच खरी बसून कुठे निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आवाजाच्या पेटीवरच आहे, पेटी काढावी लागेल, माणूस वाचेल पण आवाज जाईल. तिने पितांबरकडे पाहिलं, पितांबरने जमिनीकडे. मग तिनेच मान हलवली. ऑपरेशनच्या आधी ती त्याच्याशी शेवटचं काय बोलली, हे त्याला पुढे काही केल्या आठवेना. चहात साखर फार झाली असं काहीतरी म्हणाली असावी. तो शब्द आपण नीट ऐकून का ठेवला नाही, याचं त्याला फार लागलं. कधीतरी कामात हात थांबायचा आणि तो तेच आठवत बसायचा.

धुळ्याला परत आली ती मुकी होऊन. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडकं. चार बायका बघायला आल्या, त्यांच्यापुढे तिने भिंतीकडे तोंड केलं. स्वयंपाक करायची, पण गॅरेजवर येणं बंद. डबा आता पितांबर सकाळीच घेऊन जायचा. तव्यावरून भाकरी उतरायची आणि घरात काहीच ऐकू यायचं नाही. इतकी वर्षं न ऐकलेली ती मोजणी आता नाही म्हणून त्याच्या कानात वाजायची. त्याने मिठावरून भांडण उकरून पाहिलं. तिने नुसती बरणी पुढे ठेवली.

नासीरची गाडी आली तेव्हा पावसाळा सरत आला होता. नासीर आत बसू का म्हणाला. पितांबरने हो म्हटलं आणि डबीत वायर घातली. तेवढ्यात धनसिंगने हाक मारली. वळून पाहतो तर भागाबाई, हातात दुपारचा डबा, गळ्याभोवती पदर घट्ट घेतलेला. गाडी रस्त्याने येताना तिला घराच्या ओट्यावरून दिसली होती. तिने नासीरला हाताने उतर म्हणून खुणावलं, चपला बाहेर काढल्या आणि जागेवर बसली. पितांबरला वाटलं, बसू दे, बोटांनी दाखवेल. त्याने वायर दाबली.

पों करून हॉर्न वाजला. लांब, हेल काढल्यासारखा. मग एक तोकडा. थोडं थांबून पुन्हा लांब. धनसिंगला काही उमगलं नाही. नासीरने कपाळावर हात मारला आणि हसत हसत डोळे पुसले. पितांबरला एका क्षणात सगळं ऐकू आलं. लांब म्हणजे लाभ. जीभ असून नसल्यासारखी झाली, तरी उखर्डू मापाऱ्याच्या लेकीने पहिल्या मापाला एक म्हटलं नाही. त्याने फ्यूज काढला, बसवला, वायर दाबली, आणि दिवा एकसारखा लुकलुकायला लागल्यावर आग्रा रोडवर लांब लांब हॉर्नचा असा धडाका सुरू झाला की पंक्चरला थांबलेले ट्रकवाले शिव्या घालायला लागले. त्या दुपारी पितांबर दोन भाकरी जास्त जेवला.

दुसऱ्या दिवसापासून डबा पुन्हा दुपारी यायला लागला. ती खुणांनी धनसिंगची थट्टाही करायला लागली. हे दिवस असेच राहावेत, एवढंच पितांबरला देवाकडे मागायचं होतं.

हिवाळा सरत आला तेव्हा मुंबईला तपासणी होती. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि त्याला आत बोलावलं. आजार छातीत उतरला आहे, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, जे खाईल ते खाऊ घाला. तो बाहेर आला तेव्हा ती बाकावर बसून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. “बठ्ठं ठीक शे, डॉक्टर म्हनना,” तो म्हणाला. नासीरच्या गाडीचा फ्यूज काढताना त्याला कधी खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. इथे वाटलं. पण खरं सांगायला जीभ उचलेना. तिला कळलं तर ती आजच जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आपण बोललो नाही तर ती राहील, असा तो हिशेब होता.

मग त्याने जिवाचा आटापिटा करून सगळं नेहमीसारखं ठेवलं. सकाळी त्याच वेळी निघायचा, त्याच वेळी यायचा. तिच्यासाठी फळं आणायची तर स्वतःला खावीशी वाटली म्हणायचा. ती वाळत चालली होती, ओट्याच्या पायऱ्या चढताना बसत होती, तर हवा पालटली की बरं वाटेल म्हणायचा. धनसिंगलाही त्याने कळू दिलं नाही. आपल्याला हे साधतंय याचा त्याला थोडा अभिमानसुद्धा वाटत होता. बिचाऱ्याला वाटायचं, जगात त्याच्याशिवाय आवाज ओळखणारा कुणी नाही.

नासीरची गाडी उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. लग्नं सुरू व्हायची होती, दिवा त्याआधी घालवायला हवा होता. नासीर गाडी सोडून बहिणीकडे गेला. भागाबाई डबा घेऊन आली ती वाटेत तीनदा थांबून. पितांबर म्हणाला, आज राहू दे, धनसिंग मोजेल. तिने ऐकलं नाही. चपला काढल्या, बसली. बॉनेट वर होतं. पितांबरने वायर दाबली आणि ऐकायला लागला.

तोकडा. तोकडा. थोडं थांबून तोकडा.

हाताला जोर राहिला नाही म्हणून हॉर्न नीट दाबला जात नसेल, असं त्याला वाटलं. त्याने ओरडून पुन्हा म्हणून सांगितलं. पुन्हा तेच. तोकडा, तोकडा, तोकडा. एक, दोन; एक. त्याच्या हातातली वायर सुटली. बॉनेटला वळसा घालून तो दारापाशी आला. ती हॉर्नवर हात ठेवून त्याचीच वाट पाहत होती. तिने एक बोट वर केलं आणि ते त्याच्या छातीला टेकवलं.

एक म्हनं ते एकच राहस. त्याला तिचा जुना आवाज कानात स्वच्छ ऐकू आला. मागे एकटा तोच राहणार, हे तिला कळलं होतं. “तुले कोनी सांगं?” तो म्हणाला.

तिने शेजारचा डबा उघडून डाळीची वाटी त्याच्यापुढे धरली. चिमूट वळून दाखवली, जेवणात मीठ टाकतात तशी, आणि मान नाही म्हणून हलवली. पितांबरने डाळीत बोट बुडवून चाटलं. अळणी. ठार अळणी. काल कशी होती ते त्याला आठवलं नाही, परवा कशी होती तेही नाही. मुंबईहून आल्यावर तिने मुद्दाम डाळीत मीठ घालायचं सोडलं होतं आणि एका चिमटीसाठी ताट सरकवणारा हा माणूस रोज वाटी चाटूनपुसून, छान झालीय म्हणून डबा परत देत होता. एवढा लपवायला गेला आणि मिठात सापडला.

तो पलीकडच्या दाराने आत येऊन तिच्या शेजारी बसला आणि हमसून रडला. रस्त्यावरून ट्रक जात होते, धनसिंग पाठ करून उभा राहिला होता. पितांबरने मग डॉक्टरचा शब्द न् शब्द तिला सांगितला. ती मान हलवत ऐकत होती, जणू नरडाण्याच्या बाजारात माप बरोबर पडतंय ना ते बघत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने त्याचे डोळे पदराने पुसले आणि बॉनेटकडे बोट केलं. काम अर्धं राहिलं होतं.

त्याने फ्यूज काढला, थांबला, बसवला. वायर दाबली. आत दिवा एकसारखा लुकलुकत असणार, हे त्याला माहीत होतं. हॉर्न वाजला नाही. बऱ्याच वेळाने त्याने बॉनेटच्या कडेने वाकून पाहिलं तर ती स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्या दिव्याकडे बघत बसली होती. तिचा चेहरा शांत होता. त्याने वायर तशीच धरून ठेवली.

त्या दिवसापासून घरात खोटं उरलं नाही. डाळीत मीठ पडायला लागलं आणि ते कमी झालं की पितांबर तसं सांगायचा, कारण तो बोलला नाही की ती रागाने बघायची. फार दिवस मिळाले नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. त्या आखाजीच्या आदल्या आठवड्यात ती गेली. खांदा द्यायला नासीर जळगावहून आला होता.

सबंध लग्नसराई नासीरने दिवा लागलेलीच गाडी चालवली, पण आग्रा रोडला आला नाही. यायला त्याचं मन होत नव्हतं. पाऊस पडून गेल्यावर एका दुपारी आला. पितांबर शेडमध्ये एकटा बसला होता, पुढ्यात सकाळी स्वतः थापून आणलेल्या भाकरीचा डबा. भाकरी एका बाजूला जळालेली होती. पितांबरने बॉनेट उचललं, काळ्या डबीचं झाकण काढलं आणि वायर दाबली. नासीरने बाहेर चपला काढल्या, तशी त्याला सवय नव्हती, आणि तो आत जाऊन बसला.

“लाभ,” बॉनेटमागून नासीरचा आवाज आला. आदराने, जपून म्हटलेला.

पितांबरने मान वळवून बाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली सावली होती आणि तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

“नासीरभाई,” तो म्हणाला, “लाभ नका म्हनू. एक म्हना.”

नासीर आतून म्हणाला, भाभींना आवडलं नसतं.

“शेवटलं माप तीच मोजी गयी. एक म्हनी गयी.”

मग दिवा पहिल्यापासून सुरू झाला असावा, कारण नासीर हळू आवाजात मोजायला लागला. एक, दोन. थोडं थांबून एक.

“एकवीस,” पितांबर म्हणाला आणि फ्यूज काढायला वाकला.